सतरा नंबरचा फणस

नाय गो मैथिलीबाय, छातीएवढ्या उंचीवर कुठली म्हस शेण टाकते? मीच थापलं — बस, च्या घे आधी, ती फीत ठेव खाली — तुझ्या एकूण एक नंबरावर थापलं. एक्केचाळीस झाडं. पावसानं धुतलं तर दिवाळीनंतर परत थापलं, कंबर मोडली माझी, नि तू हसतेस.

आता तूच सांग. गेल्या साली तू आलीस, दर खोडाला गोल लाल पट्टा मारलास, वर नंबर घातलास नि गेलीस पुण्याला. झाड हवेतला धूर गिळतं, खोडात साठवतं, म्हणून मापायचं नि राखायचं — सांगितलंस, खोटं कशाला बोलू, पण मी भाकऱ्या थापत होते, अर्धंच ऐकलं. नि नंबर म्हंजे आमच्या कुडपणात काय? ठेकेदार. सासऱ्यांच्या वेळेला असेच नंबर पडले, पंधरा दिवसांत खालचं रान ट्रकात बसून महाडच्या वखारीत. झरा आटला. मी नवी सून, हंडा घेऊन अर्धा डोंगर उतरायचे. मग थापणार नाय तर काय करणार?

सतरा नंबर? तो फणस — तो आमच्या ह्यांनी लावलेला. मुंबईत बेकरीच्या भट्टीवर होते, छातीत धूर घेऊनच परत आले. खोकत खोकत पाणी घालायचे त्याला. तू धूर गिळण्याचं बोललीस ना, तेवढं मात्र नीट ऐकलं मी. म्हटलं, ह्यांचाही थोडा गिळला असेल त्यानं.

त्याच्यापुरता मला शेणाचा भरवसा नाय वाटला. कोयती घेतली, पट्टा तासला, गोल, पुरा. पांढरा चीक गळायला लागला, हाताला चिकटला — तेव्हाच थांबायचं होतं. गोल साल काढली की झाड उपाशी मरतं, हे मला कळत नाय? जन्म गेला डोंगरात. पण लाल जरा राहिला तर ठेकेदाराला दिसेल, एवढंच डोक्यात — नि ठेकेदार होता कुठं? तूच होतीस. राखायला आलेली.

वरून वाळलाय. बुडाला एक फुटवा हाय, बोटाएवढा, त्याला फीत कुठं लावशील?

वहीत काय लिहितेस, मेलं म्हणून? नको लिहू. नंबरही नको. नाव लिही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, परत कधी तोंडातून काढलं नाय. लिही — कुशाबा.

झालं? जा आता, एसटी चुकेल तुझी.