मास्तरांची मिशी

मंडळी, ऐका. आज एकच विचारतो. शिकून माणूस मोकळं होतं, की बांधलं जातं? लगेच माना डोलवू नका! मी 'ऐका' म्हटलं तरी तुम्ही डोलवता, 'झोपा' म्हटलं तरी डोलवता. आणि मृदंगवाले बुवा, आज हात जरा आवरा. हे आख्यान पुराणातलं नाही, आपल्या नदीपलीकडच्या गावातलं आहे. मला ते हसत सांगता येणार नाही.

त्या गावात बळवंत नेर्लेकर मास्तर. बायको लवकर गेली. एकच लेक, वैजयंता. सगळे तिला वैजू म्हणायचे. मास्तरांनी ठरवलं, पोरीला असं शिकवायचं की तिनं तालुक्यात नाव काढावं. रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवायचे. एक प्रश्न, चार उत्तरं. पोरीनं उत्तरांवरून बोट फिरवायचं. आणि गंमत बघा — बोट बरोबर उत्तरापाशी आलं की मास्तरांच्या मिशीचं उजवं टोक आपसूक वर जायचं! मास्तरांना पत्ताच नाही. सहा वर्षांच्या पोरीला मात्र कळलं. आपण पोरांना पुस्तक वाचायला शिकवतो हो, ती आधी आपल्याला वाचतात.

तुम्ही म्हणाल, महाराज, परीक्षेत कुठं मिशी होती? नव्हती. पण घरी तेच प्रश्न हजारदा घोटलेले. पहिली आली! दरवर्षी पहिली. मास्तर पेढे वाटत गावभर फिरले.

पुढं कोणत्या शाखेला जायचं? मिशीकडं बघितलं. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं का? मिशी. स्थळ आलं, मुलगा तिच्या मनात भरला होता म्हणतात. पण मिशी हलली नाही, स्थळ परत गेलं. मास्तर कौतुकानं सांगायचे, माझी लेक मला विचारल्याशिवाय काही करत नाही. ऐकणारे म्हणायचे, काय वळण लावलंय! मीही म्हणालो होतो, मंडळी. याच तोंडानं.

वैजू एकतीस वर्षांची झाली आणि एका सकाळी मास्तर अंघोळीहून येताना कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वैजूनं धावपळ करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. एक इंजेक्शन आहे, तासाभरात द्यावं लागेल. दिलं तर गुण येईल, नाहीतर त्यानंच डोक्यात रक्तस्राव होईल. घरच्या माणसानं ठरवायचं. कागद पुढं केला. वैजूनं तो वाचला, तिला अक्षर न् अक्षर समजलं. मग ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि बापाच्या मिशीकडं बघत राहिली.

उजवं टोक, मंडळी! मेलेल्या अंगावरचं टोक. ते कुठून हलणार?

डॉक्टर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं विचारलं, "डॉक्टर, बरोबर उत्तर कोणतं?"

ते म्हणाले, "बाई, याला बरोबर उत्तर नसतं. तुम्ही सांगाल ते."

तास निघून गेला. इंजेक्शनानं मास्तर उठले असते की दगावले असते, देव जाणे. पण मास्तर शुद्धीवर होते. डोळे उघडे होते. आपल्या हातचं शिक्षण त्यांनी पायथ्याशी उभं राहिलेलं बघितलं.

घरी आणलं. वैजूला दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं. ती रोज पत्र घेऊन बापापुढं बसायची, विचारायची, आणि मिशीकडं बघायची. महिनाभर हेच. मग एक दिवस दाढी करायला तुळशीराम आला, तेव्हा मास्तरांनी डाव्या हातानं मिशी दाखवली. काढ म्हणाले खुणेनं. तुळशीराम हबकला. मास्तरांनी पुन्हा मिशी दाखवली, मग स्वयंपाकघरातल्या लेकीकडं बोट केलं, आणि हात असा उडवला... पाखरू सोडावं तसा. तुळशीरामनं काढली.

आता सांगा, आपल्यात पुरुष मिशी कधी उतरवतो? घरात मयत झाल्यावर! वैजू चहा घेऊन आली, तिनं ते तोंड बघितलं, आणि कपबशी खाली ठेवून एवढंच म्हणाली, "अण्णा, मी मेले का तुम्हाला?"

मास्तर रडले. डाव्या डोळ्यानं, उजव्या डोळ्यानं, दोन्हीनं. पण सांगणार कसं? वाचाच नाही.

तुळशीरामनं मला सगळं सांगितलं. मी तिच्याकडं गेलो. म्हटलं, बाळ, त्यांनी तुला टाकलं नाही, मोकळं केलंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मग आता मी काय करू, महाराज?"

आणि मंडळी, मी सांगून टाकलं! नोकरी धर म्हणालो. बापाला बघायला बाई ठेव म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि आठ दिवसांत गेली. चांगला पगार आहे. चार महिन्यांनी मास्तर गेले. गाव म्हणतं, महाराजांनी पोरीचं कल्याण केलं. मला झोप लागत नाही. बापानं मरता मरता जे दिलं, ते मी एका वाक्यात काढून घेतलं.

तुमच्या घरीही कुणीतरी पाटी घेऊन बसलंय. आज जाऊन त्याला विचारा, तुला काय हवंय? आणि ते पोर तुमच्या चेहऱ्याकडं बघायला लागलं, तर तिथं काय दिसू द्यायचं... नाही, नाही. असे माझ्याकडं बघू नका, मंडळी. आज मी सांगणार नाही. आरती तुम्हीच करून घ्या.