किंकाळीताईंचा दुसरा आवाज

माननीय अध्यक्ष महोदया, मंचावरील निर्माते-दिग्दर्शक, ताईंच्या घरची मंडळी आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे स्टुडिओतले सोबती, आपणा सर्वांना नमस्कार.

आज डबिंगचं काम थांबवणाऱ्या या बाईंना आम्ही किंकाळीताई म्हणतो. का, ते वेगळं सांगायला हवं का? पडद्यावर खुनी येवो, दरोडेखोर येवो नाहीतर भूत, तोंड नायिका उघडायची आणि किंकाळी ताईंची असायची. मी रेकॉर्डिस्ट, त्यामुळे माझ्या कानांनी बरंच सोसलंय.

मग ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज फाटका, घोगरा होऊन बसला. लेक म्हणाली, "आई, आता घरी आराम कर." ताई आमचा निरोप घ्यायला स्टुडिओत आल्या.

तेव्हा एका भयपटाचं डबिंग चाललं होतं. मेलेली आई लेकराला हाक मारते, असा प्रसंग. कुणीही माइकपुढे उभं राहिलं की नुसतं गुरगुरायचं. दिग्दर्शक वैतागलेले. तेवढ्यात ताई मागून म्हणाल्या, "येते मी." सगळे दचकले.

दिग्दर्शक वळून म्हणाले, "तुम्ही म्हणता का हे वाक्य?"

"या आवाजात? हा माणसाचा तरी राहिलाय का?"

"बाई, मला माणसाचा नकोच आहे."

ताई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, असं लेक सांगते. मग माइकपुढे जाऊन हळूच म्हणाल्या, "बाळा, दार उघड." मंडळी, अंगावर काटा आला, आणि डोळ्यांत पाणीही. भीती आणि माया एकाच आवाजात मी तोवर कधी टिपली नव्हती.

त्यानंतर कितीतरी भुतं, चेटकिणी आणि फोनवरून धमकावणाऱ्या बायका त्यांच्याच गळ्यातून बोलल्या.

आता ताई इस्पितळात जाऊन गळ्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा बोलतं करणार आहेत. शिकवणी सुरूही झालीय. वाचायला देतात भुताच्या गोष्टी, कारण भुताच्या खरखरीत आवाजाला कुणी नावं ठेवत नाही. एक बसचालक ऑपरेशननंतर घरात चकार शब्द काढत नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांनी भुताचं वाक्य म्हटलं. शेजारी बसलेली बायको दचकली, मग हसतच सुटली. डोळे पुसत म्हणाली, "अहो, पुन्हा म्हणा ना."

ताई, या कामात तुम्हाला भरभरून यश मिळो. मला इथे उभं केल्याबद्दल आयोजकांचे आभार. जन्म दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात गेला, स्वतः बोलायची सवय नाही. काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.