भुंगेऱ्यांना अंगाई लागते म्हणे

हॅलो?… हॅलो, कोण?… दादा? अरे, तू आत्ता स्टेजवर असायला हवास ना?

… चहाची सुट्टी? मग चहा पी की. मला कशाला फोन?… थांब, स्पीकरवर टाकते. हात गोगलगायीनं बरबटलेत… अरे, कापतेय. अळ्यांचं जेवण आहे. तुझ्याच अळ्या. म्हणजे, तू जगाला सांगतोस तशा तुझ्या.

हं, बोल… हळू… कोणी विचारलं?… पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी? काय विचारलं?

… 'डब्यात ठेवलेल्या माद्यांनी दोन वर्षं एकही अंडं घातलं नाही, मग तिसऱ्या वर्षी अचानक कशी घातली?' बरोबर विचारलंय. माणूस हुशार दिसतो. तू काय सांगितलंस?

… काय?

… परत सांग. सुरी पडली माझी.

… अंगाई.

दादा, नीट समजून घेऊ दे. तू सव्वाशे माणसांसमोर, माइकवर सांगितलंस, की भुंगेऱ्याच्या मादीला अंगाई ऐकवल्याशिवाय ती अंडी घालत नाही?

… मी सांगितलं होतं? हो, सांगितलं होतं. मागच्या वर्षी तू फोनवर विचारलंस, काय गुणगुणतेयस. मी म्हटलं, अंगाई म्हणतेय, नाहीतर ह्या बायका अंडी घालत नाहीत. चेष्टा होती रे ती!… मला काय माहीत तू वहीत लिहून घेशील! इतके फोटो काढलेस त्यांचे, एकात तरी कान दिसला का तुला?

… अगदी शांत आवाजात म्हटलं होतं? मी सगळंच शांत आवाजात म्हणते. शाळेला आग लागली होती तेव्हाही शांतच आवाजात सांगितलं होतं, म्हणून तर कोणी उठलं नाही.

बरं, मग प्रोफेसर काय म्हणाले?… 'कोणती अंगाई?'… थांब, मला बसू दे… आणि तू?

… म्हणून दाखवलीस?… स्टेजवर?… किती?

… दोन कडवी.

… टाळ्या पडल्या म्हणतोस? दादा, टाळ्यांचेही प्रकार असतात. वाकून आभार तरी मानले नाहीस ना?… मानलेस. छान. घराण्याचं नाव काढलंस.

… हो, हो, खरं कारण सांगते. अरे ऐक तरी! खरं कारण आईला विचार. शोध तिनं लावलाय… आपल्याच आईनं, दुसऱ्या कोणाच्या आईनं कशाला? त्या वर्षी पाहुणे येणार होते. तिनं माद्यांचे डबे लपवायला म्हणून फ्रिजच्या खालच्या खणात कोंबले, भाज्यांच्या मागे, आणि पार विसरून गेली. मला वाटलं, पळाल्या. घरभर शोधलं. मग एक दिवस तिला कोबी हवा होता… हो, जिवंत होत्या. नुसत्या गारठलेल्या. बाहेर काढल्या, आठवडाभरात चालायला लागल्या आणि मातीत अंडीच अंडी! त्यांना थंडी लागते. झोप लागते. तेवढं झाल्याशिवाय त्यांना वसंत आलाय हे कळतच नाही.

… किती आठवडे? किती गार? परत बाहेर काढताना माती किती ओली?… ते मला माहीत आहे. पण तुला एवढी घाई का? सुट्टी संपायला अजून… बारा मिनिटं? मग बारा मिनिटांनी स्टेजवर जा आणि सांग, 'मला माहीत नाही'. त्यानं कोणी मरत नाही. तुझा तर अनुभवच दांडगा आहे.

… नाही सांगू शकत? का?

… कसली जागा?

… नाही, मला कोणी काही बोललं नाही. कोण बोलणार? आईलाही माहीत नाही?

… थांब. पहिल्यापासून सांग. प्राण्यांच्या बागेचं नवं कीटकघर. एक खोली, पगार, गारव्याचं स्वतंत्र कपाट. आणि ज्यानं हे भुंगेरे पिंजऱ्यात वाढवून दाखवले त्यालाच ती नोकरी. आज भाषणानंतर ठरणार. आणि अर्ज कोणाच्या नावानं आहे?

… हं.

… नाही, फोन चालू आहे. पडलेली सुरी धुतेय.

आयत्या बिळावर नागोबा हे ऐकून होते. पण नागोबा निदान बिळात राहतो तरी. तू चार वर्षांत घरी किती वेळा आलास? पाच. पाचही वेळा कॅमेरा घेऊन. एकदा कोषाचा डबा 'जरा उजेडात धर' म्हणून हलवलास आणि आतला कोष मेला. कोष हलवायचा नसतो, दादा! मी डब्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये', आणि तू त्या अक्षरांचाही फोटो काढलास.

… तू सुरुवात केलीस? हो, केलीस. बाजारातून सहा भुंगेरे आणलेस, सगळे एका डब्यात ठेवलेस आणि सकाळी मला म्हणालास, 'पाच पळाले वाटतं.' उरलेला एक हलतही नव्हता, इतका जेवला होता. तिथून पुढे, नवे भुंगेरे शोधून आणण्यापासून, कोण होतं? मांजर नसलेल्या घरात दर महिन्याला ह्या भुंगेऱ्यांसाठी मांजराचं खाणं कोण आणतं? दुकानदार दर वेळी विचारतो, मांजर कसंय. आई सांगते, अशक्तपणा आहे.

… उद्या गाडी येणार? इकडे?… म्हणजे ठरलंय असं धरूनच चाललायस तू?… मी काय करू? सगळ्या अळ्या एका टबमध्ये भरून ठेवू?

दादा, तू हे मोठ्यानं बोललास. आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना? त्रेचाळीस अळ्या सकाळी निघतील आणि संध्याकाळी एक पोहोचेल. तब्येत मात्र उत्तम असेल तिची. अंगाईसुद्धा म्हणता येईल, एकटीच असेल बिचारी.

… आभाराच्या पानावर माझं नाव? कितवं?… छायाचित्रकारानंतर? छायाचित्रकार तूच आहेस! स्वतःचे आभार मानून मग माझ्यापर्यंत येणार? नको. एवढं चालून दमशील.

… रागावले नाहीये. हा माझा नेहमीचाच आवाज आहे… सात मिनिटं. बरं, मग माझं ऐक. आठवडे, गारवा, माती, सगळं सांगते. पण तुला नाही. कीटकघराच्या प्रमुख बाई तिथेच असतील ना? त्यांना फोन दे… काय सांगायचं ते तू ठरव. 'माझ्या बहिणीला विचारा' एवढे तीन शब्द आहेत. दोन कडव्यांपेक्षा सोपे… इज्जत? इज्जत तू अर्ध्या तासापूर्वीच सुरात सोडलीस.

… नाही दिलास तर? तर काही नाही. आत जा. प्रोफेसर वाट बघतायत. मी गोगलगाय कापते.

…

… आहे मी. ठेवला नाही.

… दे.

नमस्कार… हो, मीच… नाही नाही, अंगाईचा काही संबंध नाही. ती फक्त त्याला लागते… अकरा आठवडे, बाई. आधी आठ करून पाहिले, अंडी नाहीत. नऊ, एकच मादी. अकराला सगळ्या… खालचा खण, पाणी गोठणार नाही इतपत. आणि एकदम उन्हात नाही आणायच्या, आधी दोन दिवस जिन्याखाली… माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये… अळ्या वेगवेगळ्या, होय. सख्ख्या बहिणी असल्या तरी. सख्ख्या असल्या तर जास्तच… हो, रोजची नोंद आहे. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आहे, पण आहे. चार कॅलेंडरं.

… सोमवारी? येईन… डबे मी स्वतः आणीन, गाडीत मांडीवर. दोन फेऱ्या होतील… अर्जावरचं नाव? ते खोडायचं का हे त्यालाच विचारा. तिथेच उभा असेल, बिस्कीट हातात घेऊन… धन्यवाद. त्याच्याकडे द्या.

दादा? काय झालं?… रडतोयस की शिंकतोयस?… खोडलंस? स्वतःच?… पेन कोणाचं? प्रोफेसरांचं. बरं.

… आता उरलेला अर्धा तास काय बोलू? बोलू नकोस. फोटो दाखव. चांगले काढतोस तू, ते कधी नाही म्हटलंय? आणि कोणी विचारलं की प्रत्येक फोटोत भुंगेरा धरलेला हात कोणाचा, तर ह्या वेळी खरं सांग.

… हो. सगळ्या फोटोंत.

… जा, बोलावतायत. ठेवते.