बशीतली धडधड

मुलगी : बशीचं झाकण तुम्ही उघडलंत? बाबा, माझ्याकडे बघून सांगा.

वडील : उघडलं म्हणजे... जरासं वर केलं. कान लावायला.

मुलगी : कान?

वडील : अगं, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. टिकटिक ऐकल्याशिवाय चालू आहे म्हणून कधी कुणाच्या हातात दिलं नाही.

मुलगी : हे घड्याळ नाहीये! दोन मिनिटं फोनवर काय गेले, तर तुम्ही... अहो, सूक्ष्मदर्शकात दिसत होतं ना धडधडताना?

वडील : नुसत्या दिसण्यावर माझा भरवसा नाही. माझ्याच दंडाची कातडी, तिच्यावर तुझ्या चार रसायनांचे थेंब, आणि सव्वा महिन्यात तिचं हृदय झालं म्हणतेस. कुणीतरी खात्री करायला नको?

मुलगी : मग, झाली खात्री?

वडील : काही ऐकू आलं नाही बुवा.

मुलगी : येणारच नाही! मोहरीएवढासुद्धा नाही तो ठिपका. आणि तुमचा श्वास, कानातला मळ, सगळं गेलं आत. उद्या दुपारपर्यंत बुरशी धरणार. आणि उद्या दुपारीच समिती येतेय, धडधडणाऱ्या पेशी बघायला. नाही दिसल्या तर प्रकल्प बंद.

वडील : दुसरी बशी असेल की.

मुलगी : अकरा होत्या. दहांमध्ये कातडी ती कातडीच राहिली. तीच रसायनं, तेच माप, पण पेशी ऐकतील तर शपथ.

वडील : माझ्यावर गेल्या.

मुलगी : हसू नका!

वडील : बरं, नाही हसत. नोकरी जाईल का तुझी?

मुलगी : खड्ड्यात गेली नोकरी. तुमच्या छातीचं काय? हृदयाच्या झटक्यात मेलेला भाग परत उगवत नाही म्हणाले ना डॉक्टर? मी चार वर्षं इथे कशासाठी मरमर करतेय?

वडील : माणसांपर्यंत पोचायला दहा वर्षं लागतील, असं तूच परवा फोनवर कुणाला तरी सांगत होतीस.

मुलगी : ...ऐकलंत तुम्ही?

वडील : ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. मला डॉक्टरांनी दोनच दिलीत.

मुलगी : मग दंड कशाला कापून दिलात?

वडील : तू मागितलास. शाळा सुटल्यापासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस.

(मुलगी डोळे पुसून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.)

वडील : थांबलं का?

मुलगी : नाही. अजून चालू आहे.

वडील : मग रडतेस काय? लाव फोन समितीला. आजच या म्हणावं.

मुलगी : असं कसं? कारण काय सांगू?

वडील : खरं ते सांग. गिऱ्हाईक घाईत आहे.