डाव्या पायाचा मार्शल

— लंगडत आलात! वा, वा! हॉटेलपासून इथवर, भर दुपारी, अख्ख्या ड्राय फोर्क गावानं बघावं म्हणून लंगडत आलात, आणि तेही उजव्या पायानं! बसा. बसा की, बाक काही माझ्या बापाचा नाही, गावाचा आहे, आणि गाव सध्या तुमचंच आहे. अहो, डावा पाय! डावा! परवा डावा होता, आज उजवा झाला, उद्या काय मानेनं लंगडणार? सिनेमात मार्शल व्हायचंय म्हणून सराव करताय म्हणे. बघतोय मी तुमचा सराव — जेवणाच्या तंबूकडे जाताना तरातरा जाता आणि पोट भरलं की येताना लंगडता. मार्शल ओरिन टॅगर्ट, या गावचा जुन्या काळचा पोलीस, असा नव्हता चालत. तो आधी टाच टेकवायचा, मग खुबा जरा बाहेर काढायचा, मग बाकीचा माणूस मागनं यायचा, सावकाश, घाई जगाला असेल त्याला नाही — पण जाऊ द्या. मी कशाला शिकवू? मला कुणी विचारलंय? प्रवाशांना दाखवायच्या खेळात या रस्त्यावर मी रोज मार्शल टॅगर्ट व्हायचो, सकाळी एकदा, दुपारी एकदा, नाताळ तेवढा सोडून. इतकी वर्षं झालो की किराणावाला मला मार्शल म्हणतो, दाताचा डॉक्टर मार्शल म्हणतो, पाद्रीसुद्धा मार्शलच म्हणतो. नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. ते असो. कॉफी देणार नाही मी तुम्हाला. थर्मासात आहे, पण देणार नाही.

रस्ता बघा काय केलाय! चांगला डांबरी रस्ता, त्यावर ट्रक भरभरून माती आणून ओतलीत. विजेचे खांब काढलेत. मेरीलूच्या हॉटेलची पाटी उतरवून तिथं तुरुंग केलात, आता म्हातारी तुरुंगाच्या खिडकीतून लोकांना पीचचा केक विकते. आमचा खेळ बंद. शूटिंगपुरता म्हणे! ग्रेडी, आमच्या खेळाचा मालक, तो तर सगळ्यांना सांगत सुटलाय, सिनेमावाले गेले की त्यांचा हा सेटच तिकीट लावून दाखवू, माणसं कशाला पाळायची. त्याचंही बरोबर आहे म्हणा, लाकडी तुरुंगाला सांधेदुखी होत नाही. आणि मला काय दिलंत? शवपेटी उचलणाऱ्या चौघांतला एक. एक! बरं, तेही घेतलं मी. काळा कोट घातला, पेटी उचलली, चार पावलं गेलो नाही तोच ती तुमच्या सिनेमावाल्यांतली मुलगी आली धावत, कानात यंत्र घातलेली — 'आजोबा, जरा न लंगडता चालाल का? सिनेमात लंगडणारे हिरो साहेब आहेत ना, दोन लंगडे झाले तर प्रेक्षकांचा गोंधळ होतो.' ऐकलंत? माझ्या लंगडण्यानं गोंधळ होतो! पेटी तिथंच ठेवली खाली. आत कुणी नव्हतं, नाहीतर दोन शिव्या हासडल्या असत्या मेलेल्यानं.

हसू नका. हसायला आला नाहीत तुम्ही, मला कळतंय. टोपी अशी दोन्ही हातांत फिरवणारा माणूस काहीतरी काढून न्यायला आलेला असतो. बोला.

काय? — परत विचारा. नाही, मोठ्यानं विचारा, त्या समोरच्या दिवेवाल्यांनाही ऐकू जाऊ द्या. मार्शल टॅगर्ट खरंच लंगडायचा का! कुणी घातलं हे डोक्यात? ती शहरातून आणलेली चष्मेवाली इतिहासवाली ना? हाच माझा अंदाज होता. आल्या दिवसापासून बघतोय, येता-जाता माझ्या पायाकडं बघते, तोंडाकडं नाही. काय म्हणते बया? त्याच्या वेळच्या कुणीच लिहून ठेवलं नाही की तो लंगडायचा? अहो, त्याच्या वेळच्या अर्ध्या लोकांना लिहिता येत नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यानं कोठडीत टाकलं होतं, ते काय त्याच्या चालीचं कौतुक लिहीत बसणार? आणि तुमच्या दिग्दर्शकाला खरा टॅगर्ट पाहिजे. पाळण्यापासून थडग्यापर्यंत, तीन तासांचा, कोटाची बटणंसुद्धा खऱ्यावरून करून घेतलेली. पेपरात वाचलं मी. 'आम्ही दंतकथा करत नाही, माणूस शोधतोय.' शोधा! सापडला की मलाही कळवा.

म्हणजे उद्याचा नदीचा प्रसंग सिनेमातून जाणार? सरळ विचारतो — जाणार? मी हो म्हटलं तर राहणार, नाही म्हटलं तर जाणार? अस्सं. म्हणून आलात. मग ऐका, नीट ऐका आणि तुमच्या त्या बाईला जाऊन सांगा. विलो नदीचा उतार, पायी ओलांडायची जागा. पुराचं पाणी. पैलतीरावर दोन पोरं अडकलेली, वसाहतीतली. मागून दरोडेखोरांनी गोळी झाडली, ती इथं लागली, डाव्या मांडीच्या वर, हाडात जाऊन बसली, आणि तरी मार्शलनं एक पोर पाठीवर, एक खांद्यावर, असा तो उतार पार केला. गोळी शेवटपर्यंत आतच राहिली. कुठून कळलं? गावाला माहीत आहे! शाळेतल्या भिंतीवर चित्र आहे. बसस्थानकाच्या पाटीवर आहे. तुमच्या लेखकानं गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं आणि मेरीलूच्या हॉटेलात बसून रडला, मेरीलूनं बघितलंय. आणि हाड मोडलं की काय होतं ते तुम्हाला पुस्तकातून कळायचं नाही. थंडी पडली की खुबा धरतो, पायरी उतरताना आधी कठडा लागतो, घोड्यावर तर पुन्हा — एकदा अंगावर घोडा येऊन पडला की माणूस घोड्यावर बसतो खरा, पण घोड्याला कळतं की हा आता —

गोळी. गोळी लागली म्हणालो मी.

घोडा म्हणालो?

घोडा म्हणालो.

झालं? मिळालं? उठा, जा पळत, सांगा त्या बाईला, म्हातारा स्वतःच्या तोंडानं बोलला. टाळ्या वाजवेल ती. थांबलात कशाला? बघा, बघा कसं तोंड झालंय, जसं काही मीच तुमची गोळी चोरली! — बसून राहणार? मग राहा. मला काय. पण आता अर्धवट नेऊ नका. अर्धवट नेलंत तर म्हणाल, हॉलिस लबाड आहे. हॉलिस, हो. हॉलिस पिकेट. इतके दिवस एकदा तरी नाव विचारलंत?

बिस्किट नावाची घोडी होती. खेळात शेवटी मी दौडत यायचो, सगळे दरोडेखोर पळायचे. रस्ता नुकताच डांबरी केला होता, ग्रेडीला म्हटलं मी, आज दौड नको. तो म्हणाला, प्रवाशांच्या दोन बस आल्यात. घसरली ती, आणि मी खाली. खुबा गेला. दवाखान्यातून घरी आलो तोवर ग्रेडीनं माझा कोट त्याच्या पुतण्याच्या मापाचा करायला टाकला होता. लंगडा मार्शल कोण बघणार, म्हणाला, आणि खोटं काय होतं त्यात? तरी ओपल — माझी बायको, खेळात दारूच्या गुत्त्यातली गाणारी व्हायची, लाल झगा, डोक्यात पिसं — ओपल त्याच्या घरी गेली आणि काय बोलली देवाला ठाऊक, एक दिवस मिळाला मला. एकच. गेलो रस्त्यावर. चालायला लागलो आणि लोक हसले. सगळे नाही, पण हसले. एक जण ओरडला, 'मार्शलसाहेब, काठी विसरलात!' आणि ग्रेडी तिथं, त्या कोपऱ्यावर उभा, पुतण्या शेजारी. मी जागच्या जागी उभा. पुढंही जाता येईना, मागंही.

तिला तिथं एक शब्द बोलायचा नव्हता. खेळात तिला बोलणंच नव्हतं, फक्त गाणं. गुत्त्याच्या सज्ज्यावरून वाकली आणि म्हणाली, 'हसा! विलोच्या उतारावर ज्या दोन पोरांना त्यानं पाठीवर आणलं तीही हसायची, मोठी होईपर्यंत!' आणि पुढं सगळं — पूर, गोळी, रक्त, सगळं, तिथल्या तिथं, श्वास न घेता. तुमच्या लेखकाला दोन वर्षं लागली म्हणे त्या प्रसंगाला. लोक गप्प झाले. एका बाईनं तर टोपी काढली पोराच्या डोक्यावरची. मग मी चाललो. आणि कसा चाललो विचारा! ग्रेडीनं ती शांतता ऐकली, त्याला तेवढं कळतं. दुसऱ्या दिवसापासून मार्शल लंगडायला लागला, तो आजवर. रात्री मी तिला म्हटलं, बाई, गोळी समजली, नदी समजली, पण दोन-दोन पोरं कशाला घातलीस त्यात? तर केस सोडत होती ती आरशासमोर, म्हणाली, 'घालायचीच तर मग कंजुषी कशाला?' आम्हाला नव्हती. एकही नव्हतं. आणि मग बघा हं, दरवर्षी तिची ती पोरं वाढत गेली. एकाला नाव दिलं, एकीला खोकला दिला, मग तिच्याच हातात बाहुली आली. तुमच्या सिनेमात बाहुली आहे ना? ओलीचिंब? ती ओपलनं दिलेली आहे. तुमच्या सामानाच्या खात्यातली नाही.

तीन वर्षं झाली तिला जाऊन. थडग्यावर नाव आहे, दुसरं काही नाही. बाकी ती आहे ती त्या उतारावर आहे, आणि ते तुम्ही उद्या उडवणार, कारण एका चष्मेवालीला त्याचा पुरावा सापडत नाही! — गप्प बसा, बोलू नका मध्ये. खरं पाहिजे ना? घे खरं. टॅगर्ट सरळ चालायचा. सरळसोट. आजोबांनी बघितलेला होता माझ्या, सांगायचे ते. आणि सरळ चालून काय केलं त्यानं? दारुड्यांना कोठडीत घातलं, डुकरं रस्त्यावर सोडणाऱ्यांना दंड केला, मेक्सिकन मजुरांना शिव्या दिल्या आणि फुप्फुसांत पाणी होऊन अंथरुणात मेला. नदीत गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. जायला पाणी हवं ना, त्या विलोला पाणी असतंय कधी? तूच बघ, टँकर लावलेत तुम्ही तिथं, सकाळपासून ओतताय! असल्या माणसाला तीन तास कोण बघणार रे? त्याच्यात बघण्यासारखं जे काही आहे ते माझ्या बायकोनं घातलेलं आहे. लोक त्यासाठी येतील, तुझ्या बटणांसाठी नाही.

मी विनवणी करणार नाही. तुला वाटत असेल म्हातारा गयावया करेल. नाही करणार. तू मला आवडत नाहीस, तुझे पांढरे दात आवडत नाहीत, तुझा दिग्दर्शक आवडत नाही, ही माती माझ्या नाकात जाते. सांगायचं तर सांग. नाही सांगायचं तर तोंड मिटून उद्या पाण्यात उतर. पण उतरलास तर नीट उतर. गोळी लागली की ओरडायचं नाही. काल सरावात तू ओरडलास, इथवर ऐकू आलं, बैलासारखा. हाड मोडतं तेव्हा माणूस ओरडत नाही, त्याला हवाच मिळत नाही. मी नव्हतो ओरडलो. ओरडली ती. सज्ज्यावरून, खेळ चालू असताना, दोन बस माणसांसमोर — 'हॉलिस!' असं. मार्शल नाही. हॉलिस. लोकांना वाटलं खेळातलाच कुणी हॉलिस आहे, इकडंतिकडं बघायला लागले.

तुमच्या प्रसंगात काठावर कुणीच नाही. बघितलं मी, नुसती वाळू आणि दोन कॅमेरे. एक बाई उभी कर तिथं. मोठा माणूस आहेस ना तू, तुझं ऐकतील. काही करू नको म्हणावं तिला, फक्त तो पडला की नावानं हाक मार. ओरिन म्हणेल ती, माहीत आहे मला, हॉलिस कशाला म्हणेल. म्हणू दे ओरिन. लाल झगा घाला तिला.

काय? — नाही, कॉफी देणार नाही म्हणालो ना मघाशी. आणि हात पुढं करू नकोस, मी हात मिळवत नाही कामावरच्या माणसांशी. उठ. टोपी घाल. आणि हे बघ, जाताना सरळ चालत जा. लंगडायचं ते उद्या, पाण्यात, डाव्या पायानं. या रस्त्यावर लंगडणारा एकच आहे. जा.