मी प्लगला हात लावला नव्हता

बसवलंत ना खुर्चीत? झालं समाधान? अहो, मी नको नको म्हणत होतो, पण आपले सोसायटीचे सेक्रेटरी ऐकतात का! कोपराला धरून आणलं मला, पळून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. म्हणे, "आजोबा, ती प्लगची गोष्ट सांगा, लोकांना हसू येतं." हसू येतं? अठरा दिवस मी माझ्याच घरात चोरासारखा वावरलो, आणि यांना हसू येतं! बरं, सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो, पहिल्या रांगेतल्यांनी छताकडे बघत बसायचं नाही. आणि दुसरं, मी त्या प्लगला हात लावला नव्हता!

तर तुम्हाला सांगतो, आमची सूनबाई घरूनच काम करते. जेवायच्या टेबलावर. टेबलाचा अर्धा भाग तिचा, अर्ध्यावर आम्ही ताट टेकवतो, आणि मध्ये ती वायर... ती ओलांडून आमटी वाढायची म्हणजे सर्कस! काय काम करते? तर ती लिहिते एक लायब्ररी. लायब्ररी म्हणतात, पुस्तक एकही नाही. म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या प्रोग्रामना तारेवरून इकडचं तिकडे बोलायला लागतं, त्यांनी हिचा प्रोग्राम फुकट उचलायचा आणि आपल्यात बसवायचा. जगभरचे लोक वापरतात म्हणे. दोन वर्षं खपली ती त्याच्यावर. मी चौथीत शाळा सोडली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस मन लावून काम करतंय एवढं कळायला शाळा लागत नाही.

आणि एक दिवस ती लायब्ररी बंद पडायला लागली. बंद म्हणजे कशी? ओरडत नाही, रडत नाही, चूक दाखवत नाही. दोन तास नीट चालते आणि मग नुसती गप्प! रुसल्यासारखी. सूनबाईनं पडद्याकडे बघितलं, मग भिंतीतल्या त्या इंटरनेटच्या डबीकडे बघितलं, आणि मग... मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बाबा, प्लग काढला होतात का?"

आता ती डबी माझ्या खुर्चीमागे. तिचा प्लग माझ्या खुर्चीमागे. तो मी तिथं बसवला का? मी त्या खुर्चीत दहा वर्षं बसतोय, डबी आली आत्ता-आत्ता! आणि हो, मागच्या वर्षी एकदा, एकदाच, रेडिओ लावायला काढला होता मी तो प्लग. पाच मिनिटं! बातम्यांपुरता! त्याची शिक्षा जन्मभर भोगायची?

आमची ही आतून म्हणते, "काढला असेल तर सांगून टाका, उगाच पोरीला त्रास नको." बघा! चाळीस वर्षांचा संसार, आणि बाजू कुणाची? मुलगा परगावी नोकरीला, त्याचा फोन, "बाबा, कुणी रागावणार नाही, फक्त खरं सांगा." अरे, खरं काय सांगू? मी प्लगला हात लावला नव्हता!

दुसऱ्या दिवशी प्लगवर कागद, "हात लावू नये". तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी. चौथ्या दिवशी त्याच्यापुढे लोखंडी पेटी सरकवली, तिच्यावर शिवणाचं मशीन! आता मी या वयात शिवणाचं मशीन उचलून, पेटी हलवून, चिकटपट्टी सोडवून प्लग काढणार... कशासाठी? बातम्यांसाठी?

आणि तरी ती बया बंदच पडत होती!

त्यात तो कपाळ. नाव मला माहीत नाही, सूनबाईच्या बरोबरीनं काम करणारा आहे, लांब कुठंतरी असतो, रोज अकराला पडद्यावर येतो. पण कॅमेरा असा धरतो की नुसतं कपाळ दिसतं. रुंद, चकचकीत, मैदानासारखं कपाळ, आणि खालून आवाज येतो. मी मागून जात होतो तर कपाळ विचारतंय, "तुमच्या घरात कुणी वयस्कर माणूस आहे का?" ऐकलंत? मी म्हटलं, "आहे! आणि त्याला ऐकूही येतं!"

मग कपाळानं उपाय सांगितला. "सध्या पलीकडे जायच्या वाटा शंभर आहेत ना, दोनशे करा." केल्या. काय झालं? दोन तासांत बंद पडायची ती चार तासांत पडायला लागली. वा रे वैद्य! पुन्हा शंभर केल्या. मग म्हणतो, "गेल्या महिन्यात तुम्ही वेग वाढवायला जो बदल केलात तो काढून टाका, जुनं हळू होतं पण चालत तरी होतं. आणि शुक्रवारपर्यंत नाही जमलं, तर हे सगळं मी माझ्याकडे घेतो, नव्यानं लिहितो." दोन वर्षांचं काम! हा कपाळ घेणार आणि पुसणार! सूनबाई नुसतं "बरं" म्हणाली. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी रेडिओ लावलाच नाही.

आणि मग आली बुधवारची सकाळ. मी दाढी करायला गेलो सलूनमध्ये. नंबर होता पाचवा, तास मोडला. घरी येतो तर सूनबाई दारातच. "बाबा, आत्ता पुन्हा बंद पडली. कधी काढलात?" मी गाल पुढे केला. म्हटलं, "वास घे! हा साबण आपल्या घरातला आहे का? मी तासभर न्हाव्याच्या खुर्चीत होतो, मान त्याच्या हातात होती, जा विचार त्याला!" पोरगी मटकन खाली बसली. मला वाटलं आता माफी मागेल. तर नाही, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "म्हणजे प्लग नव्हताच... म्हणजे चूक माझ्यातच आहे." अरे देवा! तिला मीच चोर असलेला हवा होतो हो! मी चोर असतो तर तिची लायब्ररी वाचत होती!

मग मला राहवेना. मी स्टूल ओढलं, म्हटलं, "बाई, अठरा दिवस आरोप सोसलाय. निदान काय बंद पडतं ते तरी मला सांग."

सांगायला लागली. "बाबा, समजा एकच माणूस आहे आणि हजार लोक कामं घेऊन आलेत. तो एकापाशी ताटकळत बसत नाही. याचं काम मार्गी लावलं, उत्तर येईतो दुसऱ्याचं बघितलं, मग तिसऱ्याचं. पण पलीकडे जायला वाटा शंभर. भरल्या की रांग. पूर्वी एक वाट मोकळी झाली की मी सगळ्या रांगेला उठवायचे, हजार जण धावायचे, एकच आत जायचा, म्हणून सगळं हळू चालायचं. गेल्या महिन्यापासून मी फक्त पहिल्याला उठवते आणि वाट त्याच्या नावावर करते."

मी उभाच राहिलो. म्हटलं, "हे तर माझं सायकल स्टँड!"

आता हे ऐका, इथं लक्ष द्या... पहिली रांग! मी तरुणपणी मोठ्या कचेरीबाहेरचं सायकल स्टँड सांभाळायचो. स्टँड मेव्हण्याचं, म्हणजे आमच्या हिच्या दादाचं. साठ जागा, साठ पितळी टोकनं. टोकन घ्या, सायकल लावा, जाताना टोकन द्या, सायकल न्या. टोकन नाही तर आत पाऊल नाही! दहाच्या सुमारास रांग कोपऱ्यावरून वळायची. आधी मी ओरडायचो, "जागा झाली!" की चाळीस सायकली एकदम घुसायच्या, पायडलं नडग्यांना, हँडलं बरगड्यांना. मग मी डोकं लढवलं. ओरडायचं नाही, टोकन आतून हातोहात दारापर्यंत पाठवायचं, ज्याचा पहिला नंबर त्याच्या हातात. काय सुरळीत झालं काम! मेव्हण्यानं पाठ थोपटली. आणि तीन महिन्यांत साठ टोकनांची त्रेपन्न झाली. जागा सात रिकाम्या, टोकनं नाहीत, आणि बाहेर रांग तशीच उभी!

गेली कुठं? अहो, रांगेतला पहिला माणूस कंटाळून निघायचा. समोरच्या झाडाला सायकल टेकवली, चालला. पण नेमका निघताना टोकन त्याच्या हातात पडलेलं! ते खिशात गेलं, तो गेला. मी मेव्हण्याला घसा कोरडा करून सांगितलं, रांग सोडणाऱ्याचा हात तपासायला एक माणूस ठेवा. तो म्हणाला, "हात तुझेच तपासायला हवेत. भंगारात विकलीस तू टोकनं!" चार लोकांत म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरी. या कानाचं त्या कानाला, गल्लीभर झालं... टोकनचोर. हिनं भावाला शब्द विचारला नाही. आजही विचारत नाही.

तर मी सूनबाईला म्हटलं, "रांगेतून निघून जातो त्याचं तू काय करतेस?"

"नाव खोडते."

"आणि टोकन? म्हणजे तुझी ती वाट?"

"त्याला अजून दिलेलं नसतं, बाबा."

"पाठवलेलं असतं! वाटेत असतं! तो पाठ फिरवतो आणि टोकन हातात पडतं, एकाच क्षणाला. मग?"

पोरगी गप्प. लायब्ररीसारखी गप्प! मग एकदम टेबलाकडे धावली, वायरीत पाय अडकला, आमटीचं भांडं लवंडलं, तिला पत्ता नाही. पुसत बसलो मीच. तीन ओळी लिहिल्या हो तिनं. फक्त तीन! जो निघून जाईल त्याचा हात बघ, टोकन असलं तर पुढच्याला दे. मग खोटी गर्दी सोडली तिनं, दहा हजार जण, त्यातले चार हजार मुद्दाम कंटाळून जाणारे. सगळे आले, गेले, आणि पडद्यावर आकडा आला... टोकनं शंभरपैकी शंभर. वेगही नवा तो नवाच. गुरुवारी दिवसभर चालली, शुक्रवारीही चालली, एकदाही रुसली नाही.

सूनबाईनं पाया पडून माफी मागितली, आणि चहात साखर घातली. खरी! डॉक्टरला न सांगता! मुलाचा फोन आला, "बाबा, सॉरी." आणि तो कपाळ... त्यानं पहिल्यांदा कॅमेरा खाली केला. चेहरा चांगला होता हो, का लपवत होता कुणास ठाऊक. "आजोबा, माझी चूक झाली." मी म्हटलं, "असू दे. आता कॅमेरा असाच खाली ठेव."

मग मी हिला म्हटलं, "आता बोलाव तुझ्या दादाला." आला. खालच्याच मजल्यावर राहतो, जायला यायला कितीसा वेळ? सूनबाईनं त्याला सगळं पुन्हा करून दाखवलं. आधी त्या तीन ओळी काढून, एकही चोर नाही आणि टोकनं गळताहेत. मग त्या पुन्हा घालून, शंभरपैकी शंभर. म्हणाली, "मामा, बघा, कुणीच चोरत नव्हतं." इतक्या वर्षांनी यंत्रानं मोजून सांगितलं होतं हो! त्यानं चष्मा पुसला, पडद्याजवळ नाक नेलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला,

"हे ठीक आहे. पण माझी सात टोकनं कुठायत?"

संपली गोष्ट. हसा आता, सेक्रेटरी, तुम्हाला हसायचं होतं ना! प्लगला मी हात लावला नव्हता, टोकनालाही लावला नव्हता, आणि माफी यायची राहिलीय ती एकाचीच. आज म्हटलं सगळ्यांसमोर, माईकवरून ऐकवू, तर तो तिकडे खांबापाशी, पहिल्या रांगेत, कानातलं ऐकायचं यंत्र काढून, रुमालात गुंडाळून, खिशात घालून छताकडे बघत बसलाय... माझा मेव्हणा.