चौथ्या नटावरची रेघ

भाची : पोचला का हात, मामा? मी इकडे बंपरखाली आडवी पडून छताची कौलं मोजतेय.

मामा : पोचतोय, पोचतोय. फिल्टर कुठे दडवलाय बघ, जणू कोणी चोरून नेणार होतं. यांनी इंजिन बनवलं तेव्हा दुरुस्त करणाऱ्यालाही हात असतात, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

भाची : तेल थंड करणाऱ्या या नव्या कूलरकडचे माझे दोन्ही नट आवळून झाले. रेघाही मारल्या. तुझ्याकडचे?

मामा : एक झाला. दुसरा होतोय.

भाची : होऊ दे सावकाश. पण नेलपॉलिश वाळतेय.

मामा : झाकण लाव तिचं. तुझ्या मामीला कळलं ना, तर आपल्या दोघांची धडगत नाही.

भाची : मामीनंच दिलीय ती. म्हणाली, असला भडक रंग माझ्या नखांपेक्षा तुमच्या नटांनाच शोभेल. झाला का रे चौथा?

मामा : झाला. दे बाटली.

भाची : नक्की ना?

मामा : चाळीस वर्षं डेपोत बसगाड्या दुरुस्त केल्या, आणि ही दातांची डॉक्टर मला विचारते नक्की ना! आवळला की नटापासून खालच्या धातूपर्यंत एक रेघ. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ कोणी मारायची?

भाची : ज्यानं आवळला त्यानंच. तोंडपाठ आहे. दवाखान्यातल्या खुर्चीच्या नटांवरही मारल्यात मी. परवा एक आजोबा विचारत होते, डॉक्टर, हे आधीच्या पेशंटचं रक्त आहे का हो?

मामा : मग पळाले?

भाची : तोंडात कापूस होता. पळतायत कुठे.

मामा : चल, ऊठ आता. बस आत आणि चालू कर. गॅस देऊ नकोस, नुसती घुरघुरू दे. मी इथून बघतो.

भाची : तेल?

मामा : कूलर आधीच भरून बसवलाय. पाइप पितील थोडं, ते मागाहून वर घालू. कर चालू.

(गाडी सुरू होते. भाची काचेआडून काट्यांकडे बघते, मामा उघड्या बॉनेटपाशी उभा.)

भाची : दाब छान आहे! खाली काही टपकतंय?

मामा : नाही.

भाची : एक थेंबही नाही?

मामा : नाही म्हटलं ना.

भाची : मामा, उद्या शर्यतीच्या ट्रॅकवर बारा फेऱ्या मारणार मी. पूर्ण बारा. मागच्या वेळी पाचव्या फेरीलाच तेल तापून एकशेचाळीस अंशांवर गेलं आणि मी कडेच्या गवतात गाडी लावून बसले. लोक शेजारून जाताना हात हलवत होते. एकानं तर मला सावकाश मान डोलावून दाखवली, सांत्वनाला आल्यासारखी! उद्या त्याला मागे टाकणार. आणि तू उभा राहून बघणार.

मामा : काटा कितीवर आहे?

भाची : पन्नास. कशी गोड घुरघुरतेय बघ. दोन वर्षं पैसे साठवून ही जुनीपुराणी पिवळी गाडी घेतली, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. तू एकटाच म्हणालास, आण, बघू या.

मामा : आता किती?

भाची : साठ झाले. तू का असा टक लावून बघतोयस? थेंब नाही म्हणालास ना?

मामा : थंड तेल कूलरकडे जवळजवळ जातच नाही. ऐंशीला झडप उघडते. खरी परीक्षा तेव्हा.

भाची : मग होऊ दे की ऐंशी. बहात्तर... पंचाहत्तर...

मामा : बंद कर.

भाची : काय?

मामा : बंद कर गाडी! बंद कर आधी.

भाची : केली. काय झालं? मामा? चेहरा का असा झालाय तुझा? बस, त्या पेटीवर बस.

मामा : बसायचं नाही मला. चौथा नट. फिल्टरजवळच्या प्लेटवरचा, आतल्या बाजूचा. तो आवळलेला नाही.

भाची : रेघ आहे त्याच्यावर. ही बघ, उतरून वाकले की दिसतेय.

मामा : रेघ मी मारली. नट हातानं फिरवून बसवला, पान्यानं शेवटचा पीळ द्यायला गेलो, तर अंगठ्यात जोरच येईना, पाना निसटला. परत धरला, परत निसटला. तू तिकडून विचारलंस, झाला का. मी म्हणालो, झाला.

भाची : मामा!

मामा : वाटलं होतं, तू हात धुवायला आत गेलीस की गुपचूप आवळीन. तू गेलीच नाहीस. आणि तू अशी आनंदात होतीस...

भाची : उकळतं तेल रे! उद्या भर वेगात तो पाइप सुटला असता तर तेल गरम इंजिनावर, चाकाखाली... तू मला मारलं असतंस!

मामा : माहीत आहे.

भाची : माहीत आहे काय? तूच शिकवलंस ना मला? बाराव्या वर्षी माझ्या हातात पाना दिलास तेव्हा म्हणालास, खोटी रेघ मारणाऱ्याला डेपोत कोणी पाणीही विचारत नाही.

मामा : चाळीस वर्षांत एकही मारली नाही. आज पहिली. घे, बोल अजून. बोल, मी ऐकतोय.

भाची : नाही बोलायचं मला. ... दाखव अंगठा. इकडे, उजेडात. हा सांधा सुजलाय. इथे दुखतं? कधीपासून?

मामा : झाले काही महिने.

भाची : आणि सांगितलं का नाहीस?

मामा : सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, मामा, तू खुर्चीवर बस, मी करते. मग एक दिवस खुर्चीही घरात गेली असती. शनिवार सकाळ आली की मी कपडे चढवून तुझ्या गाडीचा आवाज ऐकत बसतो, पोरी. मला दुसरं काय आहे? उद्या मी येत नाही. तिथं तुझ्याजवळ धड हातांचा माणूस पाहिजे.

मामी : कोण येत नाही? आणि एवढा आरडाओरडा कसला? शेजारीण कुंपणातून डोकावतेय.

भाची : मामी, मामाच्या अंगठ्याचं तुला माहीत होतं?

मामी : आठ महिने झाले. स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं मी आधी सैल करून ठेवते, मग यांना हाक मारते.

मामा : काय?

मामी : अहो, मग काय तर!

मामा : आणि मला वाटत होतं, अंगठा सुधारतोय!

मामी : काय तोऱ्यात उघडता तुम्ही, आणि वर म्हणता, यात काय एवढं. मला आवडतं बघायला.

भाची : हसू नकोस, मामा, मी अजून रागावलेय.

मामा : हसत नाहीये. बरं, हसतोय.

भाची : दे तो पाना. दुसऱ्या पान्यानं प्लेट मी डाव्या हातानं धरते. तू फक्त बोट ठेव नटावर.

मामा : बोट कशाला?

भाची : कारण मी मागच्या वर्षी असाच एक नट आवळत गेले, आवळत गेले, आणि आटेच निघून हातात आले. आठवतंय? मऊ धातू आहे. कुठे थांबायचं ते मला अजून कळत नाही. तुला कळतं.

मामा : इंजिन गरम आहे. जपून. हं, फिरव. अजून. अजून थोडं. घाई नको... आता अगदी चिमूटभर. बस्स!

भाची : एवढ्यातच? मी अजून अर्धा फेरा दिला असता.

मामा : म्हणूनच आटे हातात आले तुझ्या. जुनी रेघ पूस. पूर्ण पूस, पुसट ठेवू नकोस. आणि नवी तू मार. आवळला तू.

भाची : मारली. करू चालू?

मामा : कर. या वेळी ऐंशीच्या पुढे जाऊ दे. मी खाली वाकून बघतो. ए, तो कागद दे अंथरायला.

भाची : सत्तर... ऐंशी... झडप उघडली बघ, काटा थबकला! पंच्याऐंशी. मामा?

मामा : कोरडं. कागदावर डागसुद्धा नाही. कूलरला हात लावून बघ, छान कोमट झालाय. काम करतोय गडी.

भाची : मग उद्या येतोयस. तिथं मला चाकं बदलताना पाना फिरवायला दहा जण मिळतील. 'बस्स' म्हणणारा कोणी नाही. आणि सोमवारी हा अंगठा दाखवायला जायचं, माझ्याबरोबर. नाही म्हणालास तर रविवार रद्द.

मामा : ही धमकी आहे.

भाची : आहेच.

मामा : किती वाजता निघायचं?

भाची : सकाळी सहाला.

मामा : पावणेसहाला फाटकात उभा असेन.

मामी : मग मला सव्वापाचला उठवा. सदऱ्याची बटणं लावून देते.

मामा : बटणं लावतो की मी.

मामी : लावता. वीस मिनिटं, न्हाणीघराचं दार बंद करून.

मामा : ... बरं. उठवतो.